हो म्हणणारा साक्षीदार

मित्रांनो, मला जुना म्हणायला हरकत नाही. माझ्या बाटलीवर छापलेली मुदत केव्हाच उलटली, आणि ती बाटलीही आता रिकामी आहे. मी उरलो आहे तो एका काचपट्टीवर, एका कापडी पिशवीत, समुद्राकाठच्या एका स्वयंपाकघरातल्या खुंटीला. मी एक प्रतिपिंड आहे. हे नाव ऐकून कुणाला श्राद्धाची आठवण झाली असेल तर रागावू नका. नाव ठेवणाऱ्यांनी मला विचारले नव्हते.

तुमच्या रक्तातही माझे भाऊबंद आहेत. गोवर, कांजिण्या असे आगंतुक शरीरात शिरले की त्यांना ओळखून धरायचे, हे आमच्या कुळाचे काम. एका जातीच्या प्रतिपिंडाने एकालाच धरावे अशी रीत आहे. माझ्या वाट्याला आगंतुक आला नाही, माणसाच्या नाकातले एक प्रथिन आले. नाकात अगदी वर, दोन डोळ्यांच्या मधोमध, पेशींचा एक लहानसा पट्टा असतो. तिथे ही प्रथिने दारवानासारखी बसलेली असतात. वास आला की ती आत वर्दी देतात. ती नसली तर माणसाला गुलाब आणि गटार सारखेच. ती जागेवर आहेत की नाहीत, एवढीच साक्ष मी द्यायची होती.

माझा जन्म एका थंड देशात, एका पांढऱ्या सशाच्या रक्तात झाला. अख्खे प्रथिन सशाला टोचणे कठीण, म्हणून त्याच्या शेपटीचा बारीक तुकडा तेवढा टोचला. सशाने बिचाऱ्याने त्या शेपटीवरून मला घडवले. आता गोठ्यात न गेलेल्या माणसाला नुसती शेपटी दाखवून कुणी म्हटले, "जा, आपला बैल ओढून आण," तर तो काय करील? शेपटीचे जे दिसेल ते ओढून आणील. माझे तेच झाले. पेशींना ताठ उभे ठेवणारे एक सामान्य प्रथिन आहे. ते नाकात असते, गालात असते, टाचेच्या कातड्यातही असते. त्याची शेपटी माझ्या प्रथिनासारखीच आहे, आणि ते आहेही मुबलक. मी त्याला जन्मभर मिठी मारत आलो. ह्यात माझी लबाडी नाही. मला दुसरे काही येत नव्हते.

मला बाटलीत भरणाऱ्यांनी सोबत एक चकचकीत कागद दिला. त्यावर निरोगी नाकातल्या पेशींचा फोटो होता, पेशी हिरव्यागार चमकत होत्या आणि खाली लिहिले होते, "खात्रीशीर." चमक माझी नव्हे. बकरीच्या रक्तातून आलेली माझी एक जोडीदारीण आहे, ती माझ्या पाठीवर येऊन बसते आणि तिच्या अंगावरचा रंग चमकतो. मी जिथे, तिथे ती. निरोगी नाकात आम्ही चमकलो, हे खरेच होते. इतर कुठे चमकतो का, हे मात्र कुणी पाहिले नव्हते.

असा मी घानाच्या किनाऱ्यावरच्या एका विद्यापीठात आलो. प्रोफेसर टँडो यांनी माझ्या डब्यावर हात ठेवून प्रार्थना केली. तिकडे नव्या मोटारीसाठी करतात, माझ्यासाठी का नाही? सगळ्यांनी "आमेन" म्हटले. मला इतका मान पूर्वी कुणी दिला नव्हता, आणि खरे सांगायचे तर मी हुरळून गेलो.

मला मागवले होते क्वान्सिमाने. ती प्रोफेसरांच्या हाताखाली संशोधन करीत होती. जवळच्याच म्पोआनो गावात तिची आई एजिर्बा तारली धुरावर सुकवून विकायची. क्वान्सिमा तिला एना म्हणे. मातीच्या भट्टीत लाकडे, वर जाळ्या, जाळ्यांवर मासे, आणि सगळा धूर तोंडावर. एजिर्बाची आई हेच करीत होती, आजीही हेच. काही वर्षांपासून एजिर्बाला वास येईनासा झाला होता. क्वान्सिमाला सिद्ध करायचे होते की धुराने बायकांच्या नाकातले दारवान मरतात. तसे कागदावर आले की मासळीखाते धुरांडी असलेल्या भट्ट्या देईल, अशी तिला आशा होती.

क्वान्सिमाचा डबा आईकडून यायचा. एकदा तिने झाकण उघडले आणि शेजारच्या टेबलावर संशोधन करणारा एको खोकायला लागला.

"क्वान्सिमा, हे सूप आहे की तुमच्या भट्टीची राख?"

"खाली लागलंय थोडं."

"थोडं? अगं, तुझी आई गावात बसून आम्हाला धुरी देतेय."

"तिला कळत नाही रे करपलेलं," क्वान्सिमा म्हणाली आणि तिने ते सगळे खाल्ले.

मग ते पाटीचे प्रकरण झाले. ते मला क्वान्सिमाच्या तोंडून कळले. कुमासी शहरातली व्यापारीण सेरवा हिने एजिर्बाकडून तारलीची पाटी नेली होती. वरचे थर चांदीसारखे आणि तळाला कुजका माल. ती पाटी घेऊन परत आली ती थेट मासळी-राणीपुढे. नाना एसाबा ही त्या किनाऱ्याची मासळी-राणी. हो, तिकडे राणीलाही नानाच म्हणतात. होड्या लागल्या की पहिला भाव ती बोलते, आणि बायकांची भांडणेही तीच सोडवते. मंगळवारी समुद्र विश्रांती घेतो, कुणी जाळे टाकत नाही, म्हणून भांडणे मंगळवारी.

"खाली मसणवटा भरला होता हिनं!" सेरवा ओरडली. "माझ्या गिऱ्हाइकांनी माझ्याच अंगावर पाटी उपडी केली."

"मला वास येत नाही गं सेरवा," एजिर्बा म्हणाली. "बोटानं दाबून बघते मी, डोळ्यानं बघते. धुरानं नाक मेलंय माझं."

"नाक मेलंय म्हणे! भाव सांगताना तोंड बरं जिवंत असतं!"

बायका हसल्या. नाना एसाबाने सडका मासा मागवला आणि एजिर्बाच्या नाकाखाली धरला. एजिर्बाची पापणीही हलली नाही. बघणाऱ्यांनी मात्र पदर नाकाला लावले.

"बघा," एजिर्बा म्हणाली.

"काय बघा? माझा नवरा कानाशी घोरतो, मी गाढ झोपते. म्हणून मी बहिरी झाले का?" सेरवा म्हणाली. "जन्म गेला हिचा मासळीत. ही काय नाक मुरडणार?"

नाना एसाबाने पायाखालची वाळू काठीने सारखी केली. "एजिर्बा, तुझ्या शब्दावर तुझं नाक मेलं, हिच्या शब्दावर जिवंत. दोघींचे शब्द मी खूप ऐकलेत. मला नाकाचा शब्द पाहिजे. नाक मेलं असेल तर ही चूक, सेरवाला नवी पाटी देऊन टाक. जिवंत असेल तर ही फसवणूक. मग या किनाऱ्यावरची कुठलीच होडी तुला मासा देणार नाही."

तेव्हा क्वान्सिमा उभी राहिली. "नाना, नाकाचा शब्द मी आणते."

"तुझी आई आहे ती."

"म्हणूनच खोटं बोलणार नाही. जे निघेल ते सांगेन."

नाना एसाबाने जमिनीवर दारूचा घोट सांडून तिच्याकडून शपथ घेतली. अशा रीतीने माझ्यावर एका बाईची भाकरी टांगली गेली, आणि मला कुणी विचारले नाही.

एजिर्बा नाक द्यायला प्रयोगशाळेत आली ती ठेवणीतले वस्त्र नेसून. लेकीच्या साहेबांकडे रिकाम्या हाताने कसे जायचे, म्हणून तिने पानात गुंडाळून धुरावरची मासळी आणली होती. ती तिने उजव्या हाताने पुढे केली. प्रोफेसरांनी दोन्ही हातांनी घेतली, वाकून आभार मानले, आणि मग त्यांचा चेहरा अवघडलेल्या माणसासारखा झाला. एको खिडकी उघडायला धावला. मासळी उतरलेली होती. खोलीतल्या प्रत्येक नाकाला ते कळले, एक तेवढे सोडून.

"ताजी आहे," एजिर्बा हसून म्हणाली. "काल रात्रभर धुरावर होती. साहेबांच्या घरी सगळ्यांना पुरेल."

"देव तुमचं भलं करो, आंटी," प्रोफेसर श्वास रोखून म्हणाले. त्यांनी पुडके बाहेरच्या पायरीवर ठेवले आणि शास्त्रशुद्ध तपासणीला सुरुवात केली.

क्वान्सिमाने बारीक ब्रश आईच्या नाकात वरपर्यंत नेला. एजिर्बाच्या डोळ्यांतून पाणी आले, पण ती हलली नाही. त्या पेशी एका काचपट्टीवर घेतल्या. दुसऱ्या काचपट्टीवर क्वान्सिमाच्या स्वतःच्या नाकातल्या, कारण तिचे नाक शाबूत होते. मग ती म्हणाली, "प्रोफेसर, तिसरी पट्टी गालाची करू का? आतल्या गालाची. गालात हे प्रथिन नसतं. तिथं हा चमकायला नको."

मित्रांनो, ते वाक्य मी अजून विसरलेलो नाही.

प्रोफेसर हसले. "गालाला वास येतो का?"

"नाही."

"मग त्याला कशाला विचारायचं? बाटलीत किती उरलाय बघ."

उरला होता दोन पट्ट्यांपुरता आणि वर थोडा. त्या वरच्या थोड्याविषयी प्रोफेसरांचे एक तत्त्व होते. ते त्यांनी विद्यापीठात नव्हे, घरी शिकले होते. हंडीचा तळ दिसू द्यायचा नाही. अवेळी पाहुणा आला तर वाढायला काहीतरी हवे. त्यांच्या आईने त्यांना असे वाढवले होते, आणि त्यांनी प्रयोगशाळा अशीच चालवली. त्यांच्या फ्रीझरमधल्या प्रत्येक बाटलीत कुणा न आलेल्या पाहुण्यासाठी शेवटचा थेंब शिल्लक असे.

"तो राहू दे," ते म्हणाले. "आणि कागदावर खात्रीशीर लिहिलंय ना?"

"लिहिलंय," क्वान्सिमा म्हणाली. ती लहानपणापासून मोठ्यांचे ऐकणारी मुलगी होती.

मला दोन्ही काचपट्ट्यांवर घातले. क्वान्सिमाच्या पेशींत मी माझा नेहमीचा सोबती शोधला आणि मिठी मारली. एजिर्बाच्या पेशींत माझ्या खऱ्या प्रथिनाचा मागमूस नव्हता. तिथले दारवान कधीचे उठून गेले होते. पण पेशींना ताठ ठेवणारे ते सामान्य प्रथिन होते, भरपूर होते. मी त्यालाही मिठी मारली. बकरीची लेक माझ्या पाठीवर बसली. अंधाऱ्या खोलीत दिवा लागला आणि दोन्ही पट्ट्या सारख्याच हिरव्या चमकल्या.

क्वान्सिमा सूक्ष्मदर्शकावरून डोळे काढीना.

"काय दिसतंय?" प्रोफेसरांनी विचारले.

"आहे," ती म्हणाली. "सगळं जागेवर आहे."

"तुझ्यापेक्षाही छान आहे," प्रोफेसर डोळा लावून म्हणाले. "अभिनंदन. आईचं नाक उत्तम आहे."

एकोने एकदा पायरीकडे पाहिले, तिथले पुडके अजून तसेच होते. मग त्याने प्रोफेसरांकडे पाहिले. आणि तो आपल्या टेबलाकडे परतला. त्याच्याही प्रबंधावर त्यांची सही व्हायची होती.

क्वान्सिमाला खोटे बोलता आले असते. चमक दिसली नाही, एवढे म्हटले असते की झाले. योगायोगाने ते खरेच ठरले असते. पण तिने शपथ घेतली होती, आणि तिला वाटत होते की माझी साक्ष खरी आहे. पुढच्या मंगळवारी ती आईची काचपट्टी आणि तिच्यावरच्या चमकीचा फोटो पिशवीत घालून गावी गेली. त्या पट्टीवर मी होतो. पिशवीचे कापड विरविरीत होते, मला सगळे दिसत आणि ऐकू येत होते.

नाना एसाबाने फोटो उलटसुलट करून पाहिला. "हे हिरवं म्हणजे काय?"

"म्हणजे नाकात वास घेणारं प्रथिन आहे, नाना."

"जिवंत?"

"आहे."

सेरवासुद्धा पुढे येऊन फोटो निरखू लागली. तिलाही बहुधा हे अपेक्षित नव्हते.

एजिर्बा हळूच म्हणाली, "क्वान्सिमा, तू स्वतः बघितलंस?"

"बघितलं, एना."

"यंत्रातून?"

"यंत्रातून. दोनदा."

एजिर्बाने आपल्या नाकाला हात लावला, एखाद्या परक्याच्या दाराची कडी चाचपावी तसा. "मग येत असेल मला वास," ती म्हणाली. "तू इतकी शिकलीस. मलाच कळत नसेल."

मी पिशवीतून ओरडलो असतो. पण मला फक्त धरता येते, बोलता येत नाही, आणि धरतो तेही चुकीचे. नाना एसाबाने निकाल दिला. एजिर्बाची भट्टी दुसरीला गेली. होड्या किनाऱ्याला लागल्या की तिने मागे उभे राहायचे. गावातल्या पोरी तिच्याकडे बघून नाक दाबायच्या, आणि ती पोरींना हात करायची.

मला मात्र त्या काळात फार मान मिळाला. प्रोफेसरांनी आणखी बायकांची नाके तपासण्यासाठी माझाच एक जुळा भाऊ मागवला. त्याच सशाचे रक्त, तोही सगळीकडे चमकला. 'मासळीचा धूर आणि नाक : काळजीचे कारण नाही' असा लेख छापून आला. आमचे फोटो त्यात रंगीत होते. क्वान्सिमाला राजधानी आक्रात भाषणाला बोलावले. मासळीखात्याने लेख वाचला, समाधान व्यक्त केले, आणि धुरांड्यांच्या भट्ट्यांचा विचार सोडून दिला. माझ्या एका 'हो'ने इतक्या लोकांची सोय झाली.

मग एका सकाळी क्वान्सिमा घरी आली तेव्हा एजिर्बा परसात मासा नाकाशी धरून बसली होती. रोज तशी बसायची. डोळे मिटून, मन लावून, शाळेतल्या पोराने न येणारे गणित पुन्हा करावे तशी. क्वान्सिमाला दारातूनच दुर्गंधी आली. तिने मासा काढून घेतला आणि कुंपणापलीकडच्या कुत्र्याला टाकला. कुत्र्याने हुंगला आणि तो निघून गेला.

ती त्याच पावली विद्यापीठात परत गेली.

"प्रोफेसर, तो शेवटचा थेंब द्या. गालावर घालून बघते."

"लेख छापून झाला, मुली."

"मला लेखासाठी नकोय."

प्रोफेसरांनी फ्रीझर उघडून बाटली काढली. मग म्हणाले, "ने." त्यांच्या आयुष्यात त्यांनी पहिल्यांदाच हंडी खरवडू दिली. त्यांचा मी ऋणी आहे. पण उशीर झाला होता. आधीच्या आठवड्यात डीनसाहेबांच्या सासूबाईंची अंत्ययात्रा होती. सगळा विभाग शोकाचे काळे-लाल कपडे घालून शुक्रवारीच गेला आणि सोमवारी आला. मधे वीज गेली, जनरेटरमधले डिझेल संपले, मी बाटलीत वितळून कोमट पाण्यात शिजत पडलो. माझे हातपाय गळाले. मग वीज आली आणि बर्फ पुन्हा घट्ट झाला. बर्फाकडे बघून कुणाला काही कळत नाही.

क्वान्सिमाने आपल्या गालाच्या पेशी काचपट्टीवर घेतल्या आणि मला घातले. शेजारी नाकाची पट्टी ठेवायला थेंब पुरणार नव्हता. मी पेशींवरून नुसता ओघळलो. समोर माझा नेहमीचा सोबती होता, हात पुढे करून उभा. मला त्याला धरता आले नाही. दिवा लागला, आणि पट्टी काळीकुट्ट.

जन्मात पहिल्यांदा मी नाही म्हटले होते, तेही मेल्यावर.

"चमकत नाही," क्वान्सिमा म्हणाली. "गालावर चमकत नाही. म्हणजे तेव्हा हा खरं बोलला होता."

"मी सांगितलं होतं," प्रोफेसर म्हणाले आणि त्यांनी तिच्या खांद्यावर हात ठेवला.

मित्रांनो, तुम्ही मोठे व्हाल, तुमच्या हाती माझ्यासारखे पुष्कळ साक्षीदार येतील. त्यांना थंड जागेत ठेवा. शेवटचा थेंब पाहुण्यासाठी राखू नका. ज्याचे उत्तर 'हो' असायला हवे असा एक प्रश्न विचारा, ज्याचे उत्तर 'नाही' असायला हवे असाही एक विचारा, आणि दोन्ही एकाच दिवशी विचारा. एवढे जमत नसेल तर साक्ष काढू नका. समोर बसलेल्या माणसालाच विचारा आणि तो काय सांगतो ते ऐका. मला हे सांगायला फार उशीर झाला आहे, आणि ज्यांना सांगायचे होते त्यांना माझी भाषा येत नाही.

त्या संध्याकाळी क्वान्सिमा घरी आली. चुलीवर सूप होते आणि ते खाली लागत होते. एजिर्बा पळी हातात घेऊन शेजारीच बसली होती. क्वान्सिमाने पिशवी खुंटीला लावली, हंडी उतरवली आणि आईजवळ बसली.

"एना, मी पुन्हा तपासलं. अगदी नीट तपासलं. तुझं नाक चांगलं आहे."

एजिर्बाने लेकीच्या तोंडाकडे पाहिले. रडून सुजलेले डोळे होते. मग तिने हंडीवर वाकून एक लांब श्वास घेतला आणि पोरीच्या पाठीवरून हात फिरवला.

"हो गं," ती म्हणाली. "येतोय की वास. छान झालंय सूप."